पारोळ्याच्या अलीकडचा कॅमेरा

माझे केस मुळात किती पांढरे आहेत ते माझ्या बायकोला माहीत आहे. माझा रक्तदाब, माझी भिशी, झोपेतली माझी बडबड — सगळं माहीत आहे. हे माहीत नाही. तिला नाही तर बाकी कोणाला कुठून असणार? तुम्ही माझ्या नात्यातले नाहीत, पिंप्राळ्यात माझ्या घरावरून गेलात तरी मला ओळखणार नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय. फक्त ऐकून झाल्यावर ‘मन मोठं लागतं हो कबूल करायला’ वगैरे म्हणू नका. असल्या बोलण्याचा मला वीट आलाय.

मी शाळेत शिकवतो. रस्ता सुरक्षा सप्ताह आला की भाषण ठरलेलं — माझंच. वेग म्हणजे माज, असं मी पोरांना ठासून सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात, कारण टाळ्या वाजल्या की मी थांबतो. हे मला समजत नाही असं वाटतं तुम्हाला? समजतं. तरी दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहतोच.

गाडी मी घेतली, पण नानांच्या नावावर. नाना म्हणजे आमचे वडील — सावद्याला असतात, केळीची शेती आहे. आमच्या भावकीत घरातली पहिली गाडी थोरल्या माणसाच्या नावावर करतात, पैसे कोणी का भरेना. आणि हे मी किती जणांना ऐकवलं असेल! ‘कागदावर नाना, आपण नुसते चालवणारे.’ हे म्हणताना मान कितपत खाली घालायची, आवाज कितपत मऊ करायचा, सगळं बसवलेलं होतं. कसला आदर घेऊन बसलात? मिरवायला निमित्त हवं होतं, दुसरं काय. एक मात्र तेव्हा माझ्या शहाण्या डोक्यात आलं नाही — गाडी नानांच्या नावावर, म्हणजे गाडीने जे काही केलं ते नानांच्याच मोबाइलवर येणार.

आता किशोर. माझा धाकटा भाऊ. तो सावद्याला नानांच्या हाताखाली शेतीत होता. मी त्याला चारचौघांत उडाणटप्पू म्हणायचो. का? तर कॉलेजात असताना मित्राची मोटरसायकल घेऊन पाटात पडला होता, आणि नंतर एकदा ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या केळीत घातला होता. बस. त्यानंतर घरात कुठे काही आदळलं, सांडलं, हरवलं की सगळ्यांच्या माना आधी किशोरकडे वळायच्या. वळवणारा बहुतेक वेळा मी असायचो.

तरी नानांनी त्याला एक शब्द दिला होता. वर्षभर तुझी एकही तक्रार येऊ देऊ नकोस, केळी वाहायला पिकअप घेऊन देतो — तुझी तू चालव, तुझं तू कमव. आणि किशोरने ते वर्ष असं धरलं होतं, की मला हसू यायचं. बैलगाडी आडवी आली तरी हा हॉर्न वाजवायचा नाही. वर्ष सरत आलं होतं. पिकअपच्या मागच्या बाजूला काय रंगवून घ्यायचं, तेसुद्धा त्याने ठरवलं होतं.

अशात भाचीचं लग्न निघालं, धुळ्याला. बहीण तिथेच दिलेली आहे. नाना, माझी बायको, पोरं, सगळे हळदीलाच पुढे गेले. मी शाळेचं कारण सांगून मागे राहिलो आणि लग्नाच्या सकाळी किशोर तीच गाडी घेऊन मला न्यायला सावद्याहून पिंप्राळ्याला आला. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामाच आणतो. थोरला मामा मी. माझ्यावाचून अडणार, या विचारानेच मी फुगलो होतो — आणि उशीर का झाला माहीत आहे? केसांचा रंग कानापाशी नीट बसला नाही म्हणून मी तो पुन्हा लावला. किशोर खाली उभा राहून गाडीची काच पुसत होता.

तो गाडी चालवत होता आणि मी मागे बसून घड्याळ बघत होतो. काय ते चालवणं! बैल हाकतोयस का, म्हटलं. तुझ्यामुळे मुहूर्त टळला तर बहिणीला तू तोंड दाखव, म्हटलं. त्याने वेग काही वाढवला नाही. एरंडोल गेल्यावर एका टपरीपाशी मी गाडी थांबवायला लावली आणि त्याला मागे बसवलं. तो एवढंच म्हणाला, “दादा, पारोळ्याच्या अलीकडे कॅमेरा हाय.”

मी हसलो. मला कॅमेरा दाखवतोय! पाटात पडलेला माणूस मला रस्ता शिकवणार? त्याला दाखवायचं म्हणून मी गाडी अशी पळवली, की आठवलं तरी आज मला माझी किळस येते.

धुळं आलं तशी गाडी पुन्हा थांबवली आणि त्याला पुढे बसवलं. कशासाठी? तर मला फेटा घालायचा होता. थोरला मामा कसा, मागचं दार उघडून रुबाबात उतरला पाहिजे. स्वतः गाडी हाकत आलेल्या मामाला काय किंमत? कार्यालयाच्या दारात नाना उभेच होते. त्यांनी पाहिलं — किशोर गाडी चालवतोय, मी मागून उतरतोय. सगळ्या वऱ्हाडाने पाहिलं. आणि नवरदेव? तो अजून डीजेपुढे नाचत होता.

पुढे काही दिवसांनी, एका रविवारी, मी सावद्याला गेलो होतो. ओसरीवर चहा चालला होता. नानांनी मोबाइल माझ्या हातात दिला, कसला मेसेज आलाय बघ म्हणाले. मास्तर माणूस मी. समोर मजकूर आला की मोठ्याने वाचायचा आणि अर्थ सांगायचा, ही हाडाला लागलेली खोड. “वाहतूक पोलिसांचं चलन आहे नाना, गाडी भरधाव —” इथपर्यंत वाचलं आणि तारीख दिसली — भाचीच्या लग्नाची. बँकेची जाहिरात आहे म्हणून सांगता आलं असतं, पण शहाणपण मिरवण्याच्या नादात तोंडातून सुटून गेलं होतं.

लिंक उघडली. फोटो होता. सगळ्यात आधी मी काय पाहिलं सांगू? माझा चेहरा दिसतोय का, ते. नव्हता दिसत. गाडीची मागची बाजू, नंबर, बाकी काही नाही.

नानांनी तारीख विचारली, सांगावी लागली. त्यांनी किशोरला विचारलं, गाडी तूच चालवत होतास ना? किशोर म्हणाला, “दादाले इचारा.”

बघा, ‘दादा चालवत होता’ असं त्याने म्हटलंसुद्धा नाही. थोरल्या भावाने आपल्या तोंडाने सांगावं म्हणून वाट मोकळी करून दिली. आणि मी — हे सांगायलाच तर इतका वेळ गोल गोल फिरतोय — मी म्हणालो, “मी मागं बसलो होतो नाना. माझा डोळा लागला होता.”

किशोरने कप खाली ठेवला आणि गोठ्याकडे निघून गेला. तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? लाज? छे. मला वाटलं, कसा चोरासारखा निघून गेला बघा. खोटं मी बोललो होतो आणि चोर मला तो दिसत होता!

भीतीपोटी बोललो असतो तर निदान भित्रा म्हणवून घेता आलं असतं. कशाची भीती होती मला? नाना मला काय करणार होते? दोन शब्द बोलले असते, संध्याकाळी विसरले असते. मला वाटलं, किशोरचं नाव तसंही खराब आहे, त्यात आणखी एक खपून जाईल. माझं स्वच्छ आहे, ते कशाला मळवायचं? सख्ख्या भावाला मी इतका हलका धरत होतो. पिकअपची गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. बोलताना ती डोक्यात होती. तरी बोललो.

आणि एवढ्यावर भागलं नाही. दंड मी तिथेच बसून मोबाइलवरून भरला. किशोरचा म्हणून! नानांचे डोळे भरून आले. अजूनही ते पाहुण्यांना सांगतात, थोरल्याने धाकट्याचं कसं निस्तरलं ते. मी समोर असलो की मान खाली घालतो. मान खाली घालायची सवय माझी जुनीच.

पिकअप आली नाही. नानांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि किशोरने मागितली नाही. तो सुरतेला गेला. कापडाच्या गोडाऊनमध्ये गठ्ठे बांधतो, दुसऱ्यांच्या टेम्पोत भरून देतो. श्रावणात कानबाईच्या सणाला तेवढा घरी येतो. मला दादाच म्हणतो. एवढ्या वर्षांत त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललेला नाही. मी त्याला एकटा सापडू देत नाही, हेही खरं.

यंदा तो आला तेव्हा भाचीच्या मुलाचं बारसं होतं. धुळ्याला आम्ही तिघं निघालो — मी गाडी चालवत, शेजारी नाना, मागे किशोर, मांडीवर नानांची पिशवी घेऊन. किल्ली त्याच्या हातात द्यायची नाही, असं नानांनी निघतानाच बजावलं होतं, तेही त्याच्यासमोर. पारोळ्याच्या अलीकडे मी पाय उचलला. गाडी हळू झाली. नानांना बरं वाटलं. मान न वळवताच ते मागे म्हणाले, “पाह्य किशोर, अशी चालवा लागते गाडी. शिक काही भावापासून.”

“हो नाना,” किशोर म्हणाला.

कॅमेरा मागे पडला, आणि मी गाडीचा वेग पुन्हा वाढवला.