दार एकदा, आवाज दोनदा

टीव्हीवर म्हातारा कारखानदार मेला, तेव्हा आई रुमालाने डोळे पुसत होती, मी उशीत तोंड खुपसून हुंदके देत होते, आणि बाबा खुर्चीतून ताडकन उठून ओरडले, "जिवंत आहे! गळा हलला त्याचा! मेलेला माणूस थुंकी गिळतोय!"

"अहो, माणूस गेलाय," आई म्हणाली. "जरा तरी लाज बाळगा."

"गेला असता तर गिळली असती का?"

एवढं बोलून त्यांनी खिशातून खडू काढला, कपाटाचं दार उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला एक उभी रेघ ओढली. चूक नोंदवली गेली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्यानंतर पडद्यावरचा एकही मृत्यू मला खरा वाटलेला नाही.

बाबा कापडाच्या गिरणीत तपासनीस होते. खाली ट्यूबलाइट लावलेलं काचेचं टेबल, त्यावरून सरकत जाणारं कापड आणि हातात खडू, अशी चौतीस वर्षं काढली त्यांनी. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, भोक, जे दिसेल त्यावर खूण करायची. कापड कोणासाठी थांबत नसे. "पापणी लवली की पाच हात माल गेला," ते म्हणायचे. गिरणीत त्यांना सगळे 'खडू' म्हणत आणि पाठ फिरली की 'खडूस'. मला विचाराल तर दोन्ही नावं त्यांना शोभत होती.

टीव्ही म्हणजे त्यांच्या लेखी आणखी एक कापड. कोण कोणावर प्रेम करतंय, कोणी कोणाला घराबाहेर काढलं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. नायिका रडत असली की हे तिच्या कानातले मोजायचे. आमच्या दोघांची शर्यत लागायची, आधी चूक पकडेल त्याची रेघ. पंधराव्या वर्षी एका आठवड्यात मी त्यांना हरवलं. त्यांनी आपला खडू माझ्या हातात ठेवला आणि चहा करायला निघून गेले. आयुष्यात त्यांनी माझं केलेलं एवढंच कौतुक.

त्याच कौतुकावर मी पोट भरते. मी एका रोजच्या मालिकेची कंटिन्युटी सांभाळते. मालिकेत माणूस आज दारातून बाहेर पडतो आणि दाराच्या पलीकडे चार दिवसांनी पोचतो, कारण ते दृश्य चार दिवसांनी चित्रित होतं. मधल्या काळात त्याची कॉलर, घड्याळ, कपातला चहा, केसांचा भांग, सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. मी वहीत लिहिते, फोटो काढते आणि दिवसभर सगळ्यांच्या अंगावर खेकसते. लोकांना वाटतं, मालिकेत काम म्हणजे काय मजा! मजा कसली? बारा वर्षं मी परक्या माणसांची बटणं मोजतेय.

मालिका संध्याकाळी सात वाजता लागते. बाबा ती बघायचे आणि जाहिराती सुरू झाल्या की फोन करायचे. 'कशी आहेस' नाही की 'बरी आहेस ना' नाही. चूक सांगायची, जाहिराती संपल्या की फोन ठेवायचा. निरोप घ्यायचीही पद्धत नव्हती.

चार वर्षांपूर्वी आई गेली आणि ते फोनही थांबले. मी फोन केला की पलीकडून 'हं' आणि 'बरं', एवढंच. तीन आठवडे असे गेले. मग एकदा खरोखरच माझं लक्ष चुकलं. जिना चढताना नटाच्या मनगटावर घड्याळ होतं, वर पोचल्यावर गायब! सात वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. "घड्याळ कोणी चोरलं? झोपा काढतेस का तिथे?" बाबांचा आवाज खणखणीत होता. मी मेकअपच्या खोलीत जाऊन आनंदाने रडले.

आणि त्यानंतर मी जे केलं ते सांगायची मला अजून लाज वाटते. मी आठवड्याला एक चूक मुद्दाम करू लागले. कधी कपाचा कान उलटीकडे, कधी एक बटण उघडं, कधी पडद्याची चुणी. साध्या प्रेक्षकाला दिसणार नाही, पण खडूला दिसेल एवढीच. कुंपणानेच शेत खायचा प्रकार होता तो. पण फोन येत होता. बाबा रागावत होते, म्हणजे बाबा जिवंत होते. प्रत्येक फोन मी वहीच्या मागच्या पानांवर तारखेसकट टिपून ठेवायचे.

यंदा त्यांना सत्तर पूर्ण झाली. आता भेट काय द्यायची अशा माणसाला? नवीन शर्ट दिला तर शिवण उलगडून बघेल. माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. मालिकेतल्या थोरल्या भावाच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. नुसतं चढवायचं आणि काढायचं, नकली. तो दार उघडून खोलीत येतो, त्या दृश्याच्या वेळी मी ते त्याच्या डाव्या हाताला चढवलं. त्याला पत्ताच नाही! ज्याला स्वतःचे संवाद आठवत नाहीत त्याला मोडलेला हात कुठला ते काय आठवणार? घाई एवढी होती की संकलकानेही बघितलं नाही. इतकी अवाढव्य चूक मी जन्मात केली नव्हती. ही त्यांच्या वाढदिवसाची भेट होती.

वाढदिवसाच्या संध्याकाळी सात वाजले. जाहिराती लागल्या. फोन वाजला.

"पकडलं!" बाबा एकदम खुशीत. "दार एकदाच लागलं, आवाज दोनदा आला."

मी हसले. म्हटलं, म्हातारा मजा करतोय, आधी भाजी मग मिठाई. "आणि?"

"आणि काय?"

"आणखी काही नाही दिसलं?"

"नाही. बाकी माल स्वच्छ आहे आज." आणि फोन ठेवला.

मी फोनकडे आ वासून बघत राहिले. दहा मिनिटांत बाकीचे सगळे फोन सुरू झाले. वाहिनीचा, निर्मात्याचा, माझ्या मैत्रिणीच्या आत्याचा, जिला जाड चष्म्यातूनही भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत नाही. उजव्या आणि डाव्या हाताची चित्रं शेजारी शेजारी लावून लोक मोबाइलवर फिरवत होते. दिग्दर्शक माझ्यासमोर थरथरत उभा होता. "हात बदलला! अगं बाई, अख्खा हात बदलला! आठवडाभर मला तोंड दाखवू नकोस!" तो काय बोलत होता ते माझ्या कानात शिरत नव्हतं. जी चूक साऱ्या जगाला दिसली, ती एका खडूला दिसली नव्हती.

घरी येऊन वहीची मागची पानं काढली. जुन्या नोंदी अशा: बटण, घड्याळ, कॉलर, पडदा, कानातलं. मग जानेवारी. बाई अनवाणी आहे, पण टाचा वाजतायत. फेब्रुवारी. पंखा बंद पडला म्हणतात आणि घरघर चालू. मार्च. फोन उचलायच्या आधीच घंटी थांबली. एप्रिल, मे, जून, सगळ्या आवाजाच्या चुका. ध्वनीवाल्याशी मी सहा महिने त्यावरून भांडत होते! त्याच काळात मी स्वतः पेरलेल्या चुका मोजल्या. वीसच्या वर होत्या. त्यातली एकही बाबांनी पकडली नव्हती. फोन आला, म्हणजे झालं, असं म्हणून मी पान उलटत गेले होते.

सहा महिने बाबा मालिका बघत नव्हते, नुसती ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वेटरची बटणं मुद्दाम चुकीच्या काजांत घातली, एक टोक वर, एक खाली, आणि त्यांच्याकडे गेले. आजवर अशा अवतारात उंबरठा ओलांडायची माझी हिंमत झाली नव्हती. दार उघडून ते म्हणाले, "ये. उजव्या चपलेची टाच झिजली का गं? वाजतेय."

मी आत गेले. घर आरशासारखं लख्ख. खुर्ची त्याच फरशीवर, डबे त्याच क्रमाने, किल्ली त्याच खिळ्याला. महिन्यातून दोनदा मी इथे यायचे आणि मनात म्हणायचे, म्हातारा काय टापटिपीने राहतो! वस्तू जराही हलल्या नव्हत्या, कारण हलल्या असत्या तर त्यांना सापडल्या नसत्या. आणि माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाच्या पलीकडे बघत होते. तेही मला माहीत होतं. मला वाटायचं, माझ्यावर रुसलेत.

मी कपाटाचं दार उघडलं. जुन्या रेघा ओळीने, सरळ, पाचाचे गठ्ठे करून. खाली उजव्या कोपऱ्यात खडूचा एक पांढरा ढिगारा होता. रेघेवर रेघ, तिच्यावर तिरकी रेघ, वीस-पंचवीस फोनांच्या नोंदी एकाच जागी खरवडलेल्या. तो माणूस आंधळेपणाने हिशोब ठेवत होता. मी तिथेच खाली बसले.

"बाबा, माझ्या स्वेटरची बटणं कशी आहेत?"

मान कलती करून, कोंबडी दाणा बघते तसं, डोळ्याच्या कडेने त्यांनी मला न्याहाळलं.

"मधोमध भोक आहे," ते म्हणाले. "कडा शाबूत आहेत. भिंत दिसते, दार दिसतं, तुझे खांदे दिसतात. तुझं तोंड असतं तिथे भोक."

"कधीपासून?"

"आधी एका डोळ्याला होतं. मग दुसऱ्याला लागलं."

"मग सांगितलं का नाही?" मी ओरडले. मी घाबरले की ओरडते, हा वारसाही त्यांचाच.

"गिरणीत तपासनिसाची नजर गेली की दुसऱ्या दिवशी त्याला टेबलावरून उठवायचे," ते म्हणाले. "मी चार जणांना उठताना बघितलंय. तू माझ्याशी चुकांपुरतंच बोलतेस. चुका दिसायच्या थांबल्या, तर तू फोन कशाला उचलशील?"

हे वाक्य माझं होतं. तुम्ही माझ्याशी चुकांपुरतंच बोलता, हे मी चार वर्षं मनात घोळवत होते, आणि त्यांनी ते माझ्यावरच फेकलं होतं. मग मी सगळं सांगून टाकलं. घड्याळानंतरच्या चुका, कपाचे कान, प्लास्टर, वाढदिवस.

बाबा उठून उभे राहिले. ते मला माफ करतील, जवळ घेतील, असं मला वाटलं असेल तर मी त्यांना ओळखतच नव्हते.

"मुद्दाम?" त्यांचा आवाज चिरकला. "चांगल्या मालाला स्वतःच्या हाताने भोक पाडलंस? चौतीस वर्षांत एवढा नालायकपणा माझ्या गिरणीत कोणी केला नाही!"

"आणि तुम्ही? आंधळे झालात आणि—"

"मी माल खराब केला नाही!"

डोळ्यांच्या दवाखान्यात जाईपर्यंत टॅक्सीत ते माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत बघायला बराच वेळ लावला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. डावा डोळा परत येणार नव्हता. उजव्यात इंजेक्शनं देऊन उरलेलं टिकवता येईल, म्हणाल्या. "सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं. घरातल्या कोणाच्या लक्षात नाही आलं?"

बाबा म्हणाले, "घरात कोणी नसतं."

मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. कालची कॉलर आज तशीच आहे की नाही हे डोळ्यात तेल घालून बघण्याचा मी पगार घेते. माझा बाप सहा महिने माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेला, आणि मला दिसलं नाही.

परतताना जिन्यावर त्यांनी माझा दंड धरला. आपणहून. एकच वाक्य बोलले, "यापुढे एक जरी चूक मुद्दाम केलीस, तर याद राख."

मी कामावर परत गेले आणि पिसाळल्यासारखी राबले. ध्वनीवाल्याच्या डोक्यावर बसून दारं, घंट्या, पावलं, पंखे तपासून घेतले. तो म्हणाला, तुझ्यापेक्षा तुझा बाप बरा होता. पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. मी दर रविवारी जात होते, इंजेक्शनाला नेत होते, बाबा 'हं' आणि 'बरं' म्हणत होते. पण सात वाजताचा फोन वाजला नाही. वाजणार कसा? पकडायला मी काही ठेवलंच नव्हतं. एकदा तर माझा हात एका कपाच्या कानापर्यंत गेला. मी तो मागे घेतला.

तिसऱ्या आठवड्यात, सात वाजून चौदा मिनिटांनी, फोन वाजला. मी सेटवरून धावत बाहेर आले. काय सुटलं असेल? दार? पावलं?

"बोला बाबा. काय चुकलं?"

"काही नाही. आज चूक नाही. कालही नव्हती."

त्यांच्यामागे टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"मग फोन कशाला केलात?" मी विचारलं. माझी जीभ ही अशी आहे.

"असाच."

मी भिंतीला टेकले. सत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदा ऐकत होते. पुढे काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं. जाहिराती संपल्या, मालिकेचं संगीत परत सुरू झालं, आणि तरी त्यांनी फोन ठेवला नाही.