सिनेमाच्या टांग्यात सतराचा पाढा

पनवेलच्या बाजारात बरीच वर्षं माझी ओळख 'सिनेमाच्या टांग्यातली पोरगी' अशीच होती. लग्न ठरताना सासूबाईंनीही आधी तेच विचारलं होतं, "तीच का ती?" तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता लाज वाटत नाही. ते कसं घडलं ते एकदा नीट लिहावं, एवढ्यासाठी लिहिते. कोणाला वाचून दाखवायचं नाही.

बाबांचा टांगा होता. पनवेल ते नेरे अशा फेऱ्या करायचे. सकाळी बाजाराची माणसं आणि भाजीच्या पाट्या, दुपारी परत. पण टांगेवाल्याचं घर चालायचं ते लग्नसराईवर. आमचा घोडा तांबूस होता, कपाळावर पांढरा ठिपका. मी दहा वर्षांची, चौथीत होते.

मी बोलत नसे. घरी कामापुरतं, शाळेत तेवढंही नाही. गुरुजींनी उभं केलं की येत असलेलं सगळं घशाशी अडकायचं. गुरुजी थोडा वेळ वाट बघायचे आणि म्हणायचे, "बस." त्यांना वाटायचं हिला काही येत नाही. मला सगळं येत होतं, पण ते फक्त घोड्याला ठाऊक होतं. घरामागच्या तबेल्यात त्याला खरारा करताना मी पाढे म्हणायची. हात वरून खाली फिरायचा आणि पाढाही त्याच ठेक्यात चालायचा. चुकलं तरी तो हसायचा नाही. सतराच्या पाढ्यापर्यंत आले की त्याचे कान सैल पडायचे आणि खालचा ओठ लोंबायला लागायचा.

त्या वर्षी एका वरातीत कोणीतरी फटाक्यांची माळ त्याच्या पायाशी लावली. घोडा उधळला आणि टांगा नवरदेवासकट खड्ड्यात गेला. नवरदेवाला लागलं नाही, मुंडावळ्या तेवढ्या चिखलात गेल्या. पण तेव्हापासून लांब कुठे ताशा वाजला तरी आमचा घोडा थरथरायला लागायचा. वरातीला बाबांना कोणी बोलवेना.

मग एक दलाल आला. घोड्याचे दात बघितले, पाय उचलून बघितले. म्हणाला, "विटांच्या भट्टीवर देतो. तिथं ताशा वाजत नाय."

बाबा म्हणाले, "आठ दिवस थांब."

भट्टीवरचे घोडे मी बघितले होते. खांदे सोललेले, माश्या बसलेल्या. त्या संध्याकाळी शेजारच्या आळीत हळदीचा ताशा सुरू झाला. घोडा दावं तोडायला लागला. मी त्याच्या मानेला बिलगून पाढे म्हणत राहिले. तो थरथरत होता, पण उभा राहिला. मागे बाबा कधी येऊन थांबले मला कळलं नाही.

"काय सांगतेस गो त्याला?"

"पाढा," मी म्हटलं.

बाबांनी पागोटं काढून डोकं खाजवलं आणि आत गेले.

दोन दिवसांनी मैदानात सिनेमाचा तंबू लागला. आलेला सिनेमा एका घोड्याच्या आणि एका मुलाच्या मैत्रीचा होता. म्हणून तंबूवाल्यांना जाहिरातीला टांगाच हवा होता. दोन्ही बाजूंना चित्रांच्या पाट्या, मागे ताशेवाला, आणि पत्र्याचा भोंगा घेऊन ओरडणारा एक माणूस. काम तीन दिवसांचं.

बाबा आईला म्हणाले, "तीन दिस ताशात टिकला तर ठेवू. बिथरला तर दलालाला सांगावा धाडतो. पन पोरगी फुडं बसाया पायजे."

आई चुलीपुढून उठलीच. "पोरीची जात! सिनेमाच्या टांग्यात बसवून गावभर मिरवनार? उद्या कोन करील तिला?"

"मग जाऊंदे घोडा भट्टीला."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी बसते."

आई रात्रभर धुसफुसली. पण दुसऱ्या दिवशी तिनेच बाबांचा पंचा माझ्या डोक्यावरून घेऊन दोन्ही गालांवर ओढून बांधला. घोड्याच्या डोळ्यांना झापडं असतात तसा. "कुनाकडं बघू नको," म्हणाली. मला घोड्याची पाठ आणि दोन कान, एवढंच दिसत होतं. त्या पंच्यासाठी मी आजही आईची आभारी आहे.

ताशा वाजला. घोड्याचे कान ताठ झाले, पाठीवरची कातडी थरारली. मी बेपासून सुरुवात केली. आधी ओठांतल्या ओठांत. बाबा म्हणाले, "त्याला ऐकू जायाला पायजे गो." मग मोठ्याने. माझा एवढा मोठा आवाज मी स्वतःही कधी ऐकला नव्हता. घोडा चालायला लागला. पाठीमागे भोंगेवाला ओरडत होता, "बघायला विसरू नका! इमानी घोडा! बापडं पोर!" आणि रंगीत कागद उडवत होता. त्या कागदांमागे शाळेतली सगळी पोरं धावत होती.

बाजारात वळलो आणि किराणाच्या दुकानापाशी गुरुजी उभे दिसले. पंचा होता तरी नेमके समोरच. मी सतराच्या पाढ्यात होते. सतरा चोक अडुसष्ट म्हटलं आणि पुढे घसा बंद झाला. ताशा कडाडत होता. घोडा जागच्या जागी नाचायला लागला, टांगा एका बाजूला कलला. बायका ओरडून दुकानांच्या पायऱ्यांवर चढल्या.

बाबा लगाम खेचून ओरडले, "गुरुजी, तिला थांबू देऊ नका! थांबली तर घोडा उधळंल!"

गुरुजींना काय समजलं देव जाणे. हातातली पिशवी तशीच धरून ते टांग्याशेजारी आले आणि वर्गात विचारायचे तसे म्हणाले, "सतरा पाचे?"

"पंच्याऐंशी," मी म्हटलं.

"मोठ्याने! सतरा पाचे?"

"सतरा पाचे पंच्याऐंशी!"

मागून कागद गोळा करणारी पोरं संध्याकाळी परवचा म्हणतात तशी ओरडली, "सतरा पाचे पंच्याऐंशी!" ताशेवाला रंगात आला, त्याने ठेका पाढ्याला जुळवला. गुरुजी चालत विचारत होते, मी सांगत होते, पोरं मागून ओरडत होती. घोडा एकदा फुरफुरला आणि चालू लागला.

भोंगेवाला वैतागला. "ओ टांगेवाले! आपला सिनेमा आहे का शाळा?"

"माणसं जमली ना तुजी?" बाबा म्हणाले. "मग बोंबल पाढ्याच्या मधी मधी."

तसे आम्ही एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत गेलो. सगळा बाजार फिरून झाला तेव्हा गुरुजी घामाघूम होते. पिशवीतला गूळ पाघळून धोतराला लागला होता. मला म्हणाले, "तुझी तोंडी परीक्षा झाली. सगळ्या बाजाराने ऐकली." आणि खरंच, त्यांनी मला वर्गात परत कधी तोंडी उभं केलं नाही. मी चौथी पास झाले ती अशी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पोरं आधीच येऊन थांबली होती. तिसऱ्या दिवशी मी मध्येच गप्प राहून बघितलं. घोडा चालत राहिला.

तंबूवाल्याने आम्हाला फुकट बसवलं. आईने आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा बघितला. पडद्यावर त्या मुलापासून घोडा तोडून नेतात तिथे सगळा तंबू रडत होता. तेवढ्यात पडद्यावरचा घोडा खिंकाळला आणि तंबूबाहेरून आमच्या घोड्याने त्याला उत्तर दिलं. लोक हसायला लागले. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "आपला पन बघतोय वाटतं." सिनेमातला मुलगा घोड्यावर बसून डोंगर-नद्या ओलांडत होता. मी आमच्या घोड्यावर कधी बसलेसुद्धा नव्हते. तरी मला त्या मुलाचा हेवा वाटला नाही.

आठव्या दिवशी दलाल नवीन दावं घेऊन आला. बाबांनी त्याला चहा दिला.

"नाय द्यायचा," बाबा म्हणाले.

"ताशाला भितो ना?"

"भितो. आमी बघून घेऊ."

"पुढच्या सालाला तुमीच माज्याकडं याल."

"येईन तवा येईन. चहा घे."

दलालाने चहा संपवला, दावं खांद्यावर टाकलं आणि गेला. पुढे त्या लग्नसराईत चार-पाच वरातींना मी पंचा बांधून पुढे बसले. मग माझी गरज राहिली नाही. घोडा आमच्याकडेच म्हातारा झाला.

त्या दिवशी दलाल वळणाआड गेल्यावर मला बाबांना काहीतरी सांगायचं होतं. ते मला जमलं नाही. मी आत जाऊन त्यांच्या आंघोळीचं पाणी काढलं, रोजच्यापेक्षा जास्त तापवलं. बाबांनी तांब्या अंगावर ओतला आणि "अगं आई गं!" म्हणून ओरडले. मग दाराआडून म्हणाले, "र्‍हाऊंदे गो. बरं वाटतंय."