ऑपरेशन झालेल्या बाईनं गुंड उचलू नये

सक्करदऱ्याच्या आमच्या वस्तीत एक नियम होता. मूल बंद करण्याचं ऑपरेशन झालेल्या बाईनं सव्वा महिना पाण्याचा गुंड, म्हणजे भरलेली घागर, उचलायचा नाही. उचलला तर आत बांधलेली गाठ सुटते. हा नियम कोणी काढला, ते मी नळावरच्या बायांना विचारून पाहिलं होतं. माहीत कोणालाच नव्हतं, पटलेलं मात्र सगळ्यांना होतं.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. मी कॉलेजात सायन्सला होते आणि शहाणपण अगदी उतू चाललं होतं. प्रश्न विचारल्याशिवाय मला घास गिळवत नसे. माय म्हणायची, "हिले जन्मताना टाळू नाही, प्रश्नच होता डोक्यावर." बाबा गेल्यापासून माय विड्या वळून घर चालवायची. दादा चांद्याकडे कोळशाच्या खाणीत होता, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. वहिनीला तिसरं मूल झालं आणि तिनं ऑपरेशन करून घेतलं. पुढचा सव्वा महिना पाणी मायनं आणि मी भरलं. मी एक गुंड आणायचे, तर माय दोन. वहिनीला तिनं साधी बादलीसुद्धा उचलू दिली नाही.

सहा-सात महिन्यांनी वहिनीची पाळी चुकली. पहिल्या महिन्यात ती काही बोलली नाही. ऑपरेशननंतर पाळी हळूहळू बंदच होते, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. दुसऱ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. दादा शनिवारी आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो बराच वेळ बूट हातात धरून बसला. मग वहिनीकडे न बघता मायला म्हणाला, "हिले तिच्या बापाकडं पोचवून दे."

"काहून?" माय म्हणाली.

"ऑपरेशन झालं होतं न? मंग हे कसं झालं, ते तिले विचार."

वहिनी दाराला धरून उभी होती. तीन लेकरं अंगणात खेळत होती. मायनं हातातली विडी पुरती वळली, दोरा बांधला आणि म्हणाली, "तिले काय विचारतं गा? मले विचार. माही कंबर धरली होती. आठव्या दिवशी मीच तिले गुंड उचलाले लावला."

दादानं मायकडे पाहिलं. लहानपणापासून ऐकलेला नियम, त्यात काय विचारायचं? त्याचा चेहरा आधी सैल पडला आणि मग तो मायवरच भडकला. "तुह्यामुळं झालं हे. कच्च्या टाक्याच्या बाईले पाणी भराले लावते?" वहिनी तोंड उघडायला गेली, तर मायनं तिला पाणी आणायला आत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दादा मायशी एक शब्द न बोलता खाणीवर गेला. आठवड्यात वस्तीभर झालं की ही सासू ओल्या बाळंतिणीला राबवते. नळावर बाया मायला नंबर देईनात.

मी सगळं पाहत होते आणि माझ्या डोक्यात नुसता भुंगा लागला होता. गाठ सुटली नाही, तर मूल आलं कुठून? दादा गेला त्याच रविवारी दुपारी, घरात कोणी नसताना, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दादाच्या घरी येण्याच्या तारखा मोजल्या. तारखा जुळत होत्या. तरी मी मोजल्या, हे लिहून टाकते. संध्याकाळी बुद्धवंदना झाली. आम्ही पंचशील म्हणत असताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, मायचा आवाज आलाच नाही. पाचव्याला पुन्हा आला.

सोमवारी माय आणि मी वहिनीला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, तुटक बोलायच्या. त्यांनी पहिल्यांदा भलतंच विचारलं. पोटात एकाच बाजूला कळ येते का? चक्कर येते? डाग लागतो? ऑपरेशननंतर दिवस राहिले तर गर्भ कधीकधी नळीतच अडकतो, नळी फुटली तर बाई जिवानिशी जाते, म्हणून पाळी चुकताच यायला हवं होतं, असं त्या रागावून म्हणाल्या. बराच वेळ तपासल्यावर त्यांनी मान हलवली. गर्भ पिशवीतच होता. मायनं तेव्हा पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली.

मग माझे प्रश्न सुरू झाले. गुंड उचलल्यानं गाठ सुटते का? "नाही. ओझं उचलू नको म्हणतो ते वरच्या टाक्यांसाठी. आतल्याचा ओझ्याशी काही संबंध नाही." मग हे कसं? "थोड्या बायांच्या नळ्या आपोआप पुन्हा जुळतात. फार थोड्या, पण होतं. त्यात बाईचा दोष नसतो."

वहिनीनं हळूच विचारलं, "पाळी तर येतच होती, मंग अंडं कुठं जात होतं?" हा प्रश्न मला सुचला नाही, म्हणून मला तिचा मत्सर वाटला. अंडं आतल्या आत जिरतं, पाळीचा आणि नळ्यांचा संबंध नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मूल ठेवायचं की नाही, ते तू ठरव, असंही म्हणाल्या. वहिनी म्हणाली, "ठेवतो. खाली केलं तर लोक म्हणतीन, पाप लपवलं."

घरी येताच मी दादाला पत्र लिहायला बसले. नळ्यांचं चित्रसुद्धा काढलं. मायनं वाचून दाखवायला लावलं आणि कागद माझ्या हातून काढून घेतला.

"नको धाडू."

"माय, तुह्यावर खोटा आळ आहे."

"तू लिहिलं, 'कधीकधी होते.' तो त्या कधीकधीवर जिंदगीभर इचार करत बसन. गुंडाचं त्याले पुरं पटलं आहे. राहू दे."

मला राग आला. शिकलेलं सगळं फुकट गेल्यासारखं वाटलं. आणि एक प्रश्न उरलाच होता. माय खोटं बोलली ती शनिवारी, डॉक्टरीणबाई भेटल्या सोमवारी. मी विचारलं, "नळ्या जुळतात, हे तुले तवा माहीत होतं?"

"नाही."

"मंग गर्भ कोणाचा, हे तुले कसं माहीत?"

मायनं मांडीवरचं विड्यांचं सूप खाली ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "आठ वर्षं झाली, मी तिच्यासंग एका चुलीवर रांधून राहिली. तरी मले डॉक्टरनं सांगावं लागते का वं?"

त्याच चुलीवरचं मीही आठ वर्षं जेवत होते, आणि मी तारखा मोजल्या होत्या.