जरा हसून दाखव

रविवारी सकाळी ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी फिरायला जाणारी आमची परदेशातली मराठी टोळी पाय कमी आणि तोंड जास्त चालवायची. त्यामुळे किस्से साठतच गेले. त्यातले निम्मे सुजाता कांबळेचे.

सुजाता नागपूरची, सेरंगूनला राहणारी इंजिनियर. तिच्या बाबांना स्ट्रोक आला, तेव्हा घरच्यांना वाटलं, दमलेत, झोपू द्या. उठले ते वाचा गमावूनच. तेव्हापासून ती भेटेल त्याला बजावायची: तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, की झोपू द्यायचं नाही. तडक अ‍ॅम्ब्युलन्स!

*

एकदा मी डेंटिस्टकडून थेट तिच्याकडे गेलो. इंजेक्शनने अर्धा जबडा बधिर. ती म्हणाली, "जरा हसून दाखव." हसलो, ते वाकडं. डेंटिस्टकडे गेलो होतो हे सांगायला गेलो, तर तेही धड उमटेना. तिने फोन उचललाच! शेवटी मी हातवारे करून दात उपटून दाखवला.

*

आमच्यातले जोशी बँकेत आयटी मॅनेजर. त्यांचे वडील पुण्याहून आले, तेव्हा सुजाताने त्यांनाही हसायला लावलं. आजोबा तोंडावर हात धरून म्हणाले, "हसलो असतो, पण दात घरी ग्लासात आहेत."

त्या दिवसापासून जोशी तिला 'हास्यक्लब' म्हणायला लागले.

*

मग एका रविवारी मरीन परेडच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलसमोरच्या टेबलाशी, कॉफी पीत बसलो होतो. सुजाता बोलता बोलता थांबली. तिच्या हातातून कप निसटला. तो उचलायला गेली, तर हात टेबलावरून हलेना. काही नाही, दमलेय, घरी जाऊन पडते, असं ती म्हणत होती, पण शब्द एकमेकांना चिकटून येत होते. मी टॅक्सी बघायला उठलोसुद्धा.

जोशी तिच्यासमोर वाकले. "सुजाता, जरा हसून दाखव."

ओठांची एकच बाजू हलली.

जोशींनी मला खाली बसवलं आणि अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ९९५ फिरवला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, त्रास नेमका कधी सुरू झाला? जोशींनी घड्याळ बघून ठेवलं होतं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले, आता गुठळी विरघळवायचं औषध देता येईल.

दुसऱ्या दिवशी सुजाताने दोन्ही हात वर केले. जोशी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

*

फिजिओथेरपी संपवून सुजाता परत ईस्ट कोस्टला आली. तिच्यासाठी सगळ्यांनी हळू चालायचं, असं आमचं ठरलं होतं. थोडा वेळ ती आमच्याबरोबर चालली. मग पुढे निघाली, आणि बघता बघता लांब गेली.

मागे जोशी धापा टाकत उभे. म्हणाले, "अरे, हिला कुणीतरी हळू चालायला सांगा रे."