अण्णांच्या चपलांवरची पांढरी माती

आधीच सांगून टाकते, मी चिडून लिहितेय. हे वाचून कुणाला 'वाह, छान थरारक किस्सा' असं लिहावंसं वाटलं तर कृपया लिहू नका. आणि 'वय झालं की असं होतं ताई' हे तर अजिबात नको... ते मी आतापर्यंत इतक्या जणांकडून ऐकलंय की पुढचा माणूस तोंड उघडायच्या आत मला कळतं.

आमचं घर धम्मदीक्षा घेतलेलं. देव नाही, देव्हारा नाही, अंगात येणं नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. शेजारीण भुताच्या गोष्टी सांगायला लागली की माझी आई पदर खोचून उठायची आणि म्हणायची, "चला, मला कामं हायेत." मी त्याच घरची. बारामतीत माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि जे दिसतं तेवढंच रिपोर्टमध्ये लिहायचं, हा माझा धंदा. तेव्हा इथंही जे दिसलं तेवढंच लिहिते.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. माझा धाकटा भाऊ मिलिंद पुण्यात आयटीत आहे. त्याला फोनवर कुठलंतरी रील दिसलं — उजनीच्या बॅकवॉटरला लेकसाइड कॅम्पिंग, मागं जंगल, समोर पाणी, तंबू, कयाकिंग, पक्षी. "ताई, अण्णांना घेऊन जाऊ. आई गेल्यापासून ते घराबाहेर पडलेच नाहीत." हेतू चांगला होता, नाही म्हणत नाही. अण्णा म्हणजे आमचे वडील. वीज खात्यात वायरमन होते. पंचाहत्तरी ओलांडली तरी ताठ चालतात, औषधाची एक गोळी नाही, आणि स्मरणशक्ती अशी की आमच्या लॅबमधल्या पोरींचे वाढदिवस त्यांना पाठ. हे मुद्दाम सांगतेय. का ते पुढं कळेल.

आम्ही तिघं निघालो. भिगवणच्या पुढं इंदापूरच्या बाजूला, हायवे सोडून आत. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळं पोचायला दुपार झाली. जंगल म्हणजे वनखात्याची जुनी लागवड आणि तिच्यात माजलेली वेडी बाभूळ, पण सावली दाट होती. आणि पाणी... पाणी खरंच सुंदर होतं. जानेवारी असल्यानं काठोकाठ भरलेलं. पाण्यात थोड्या अंतरावर एक लहानसा उंचवटा बेटासारखा वर आलेला, त्यावर दोन बाभळी.

अण्णा गाडीतून उतरले आणि त्या बेटाकडं बघत उभे राहिले.

"मिल्या, ही जागा तू मुद्दाम काढलीस का?"

"कुठली जागा, अण्णा?"

"ती आपल्या गावची टेकडी हाय. तिच्या पायथ्याला गावाची येस व्हती. गाव हितं, आपल्या म्होरं. पाण्याखाली."

मिलिंदचा चेहरा पडला. त्याला काहीच माहीत नव्हतं, मलाही नाही. आमचं गाव धरणात गेलं एवढं ठाऊक होतं, पण नेमकं कुठं, हे अण्णांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या गावाबद्दल आमच्या घरी एकच गोष्ट होती, तीही आईनं सांगितलेली. ती इथं सांगावी लागेल.

आमची वस्ती गावकुसाबाहेर. वस्तीपासून वेशीपर्यंत गावाच्या मधून एक सरळ आळी जायची, तिला मधली आळीच म्हणायचे. त्या आळीतून जाताना आमच्या माणसांनी पायातलं काढून हातात घ्यायचं. कायद्यानं नव्हतं हो, कायदा केव्हाच बदलला होता. पण आळी बदलली नव्हती. अण्णा नोकरीला लागले आणि पहिल्या सुट्टीला टायरच्या तळाच्या नव्या कोऱ्या चपला घालून गावी आले. आळीच्या तोंडाशी त्यांचे वडील, म्हणजे आमचा आजा, धावत आला आणि त्यानं स्वतःच्या पोरापुढं हात जोडले. "काढ बाबा. तू जाशील नोकरीवर, आमाला हितं ऱ्हायचंय." अण्णांनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि घरांपुढच्या वट्यांवर बसलेल्या माणसांसमोरून गेले. पुढच्या खेपेला घालूनच जाईन, असं ते आईला म्हणायचे. पुढची खेप आलीच नाही. गाव उठलं, पाणी आलं, आळी बुडाली. त्यानंतर अण्णांनी आयुष्यभर टायरच्या तळाच्याच चपला वापरल्या. आता मिळत नाहीत तर सुप्याच्या बाजारातल्या एका कारागिराकडून करून घेतात.

तर ही माहिती डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

त्या कॅम्पवाल्यांनी 'गावरान अनुभव' विकायला काढला होता. प्लायवूडची वेस, फायबरची बैलगाडी, आणि जेवायच्या जागेपुढं शेणानं सारवलेलं अंगण. ह्यांना गाव म्हणजे पिवळा बल्ब आणि पितळी तांब्या! मॅनेजर पुण्याकडचा, बोलायला गोड. अण्णा अंगणाच्या कडेला पोचले तसा तो हसत पुढं आला.

"आजोबा, चपला तेवढ्या हातात घ्या हं. इथून पुढं अनवाणी जायचं. आपली जुनी पद्धत!"

अण्णा थांबले.

मी मात्र पेटले. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, असं आता पुष्कळ जण म्हणतात. माहीत नाही, हाच तर राग आहे माझा! त्या पाण्याच्या काठावर बसून जुन्या पद्धतीची जाहिरात करतोस आणि ती पद्धत कुणाच्या पायातून निघाली ते तुला माहीत नाही? मी त्याला नाही नाही ते बोलले. मिलिंद मध्ये पडला, "ताई, अगं सारवलंय म्हणून म्हणाला तो." मग मी मिलिंदला झाडलं. मॅनेजर सॉरी मॅडम, सॉरी मॅडम करत राहिला. आजूबाजूचे तंबूवाले फोन वर करून बघायला लागले. आणि ह्या सगळ्या तमाशात मी मागं वळले तर अण्णा नव्हते.

आधी वाटलं गाडीत जाऊन बसले असतील. गाडीत नव्हते. तंबूत, बाथरूमकडं, बाभळीच्या सावलीत — कुठंच नाहीत. मग मिलिंदची हाक आली पाण्याच्या बाजूनं. आवाज असा होता की मी चपला टाकून पळाले.

काठाला काळा गाळ होता, लोण्यासारखा मऊ. त्यात टायरच्या नक्षीचे ठसे उमटले होते. एकामागं एक, सरळ, न घसरलेले. पाण्यात गेलेले... आणि परत आलेले नव्हते.

मिलिंद तिथंच चिखलात बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. मी रडले नाही. मला इतका राग आला होता की रडूच येईना. अण्णांना पोहायला येत नाही. सगळं आयुष्य खांबावर गेलेला माणूस, पाण्याशी त्यांचा संबंध काय? मला वाटलं, घेतलंस. त्या गावानं जितेपणी ह्या माणसाला सरळ चालू दिलं नाही, आणि आता बुडाल्यावर ओढून घेतलं. कुणाला उद्देशून म्हणत होते माहीत नाही. पाण्याला शिव्या देत होते, मोठ्यानं.

मॅनेजरनं एका मासेवाल्याला हाक मारून आणलं. शंकरमामा म्हणत होते त्यांना सगळे, चिलापी माशांची जाळी काढून नुकतेच काठाला लागले होते. तिथली दुसरी होडी काठावर पालथी घालून ठेवलेली, तिच्या बुडाला डांबर फासणं चाललं होतं. कयाक सगळ्या साखळीनं बांधलेल्या, त्या मी स्वतः ओढून बघितल्या. आम्ही दोघं शंकरमामांच्या होडीत चढलो. मामा ठसे गेले त्या रेषेत बांबूनं तळ चाचपत निघाले. थोडं पुढं गेल्यावर बांबू तळाला लागेना.

"हितं लई खोल हाय, ताई," मामा म्हणाले आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.

तेवढ्यात मिलिंद उभाच राहिला. होडी हेलकावली. "ताई! ते बघ!"

बेटावर, बाभळीखाली अण्णा उभे होते. हात मागं बांधून, एखाद्या लाइनवर माणूस चढवून खाली उभे राहायचे तसे.

होडी लागेपर्यंत मला धीर निघत नव्हता. ऊन अजून चांगलं होतं, सगळं लख्ख दिसत होतं, हे लक्षात घ्या. अंधार नव्हता, धुकं नव्हतं. मी उडी मारून त्यांच्यापाशी गेले, हात धरला. हात गरम, कोरडा. पांढरा लेंगा घोट्यापर्यंत कोरडा. खिशातला रुमाल कोरडा, फोन चालू. मी त्यांना अक्षरशः चाचपलं. आणि मग पायांकडं बघितलं.

चपला धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. पाय, घोटे, लेंग्याची किनार, सगळ्यावर ती धूळ. राखेसारखी, भुरकट पांढरी. आपल्याकडं शेताची माती काळी आणि जुन्या गावठाणाची पांढरी, हे वेगळं सांगायला नको. माणसांच्या पिढ्यान् पिढ्या जिथं राहिल्या, चुली पेटल्या, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, तिथलीच माती तशी होते. त्या बेटावर तांबडा मुरूम होता. काठाला काळा गाळ. त्या गाळातून अण्णा चालत गेल्याचं मी ठशांत बघितलं होतं, आणि चपलांना गाळाचा टिपूस नव्हता.

"अण्णा, इथं कसे आलात?" मिलिंदनं विचारलं.

"चालत."

"पाण्यातून?"

"आळीतून," अण्णा म्हणाले. मग होडीकडं बघून वैतागले, "आनी ही बोट कशाला आनली? आलो असतो की माघारी."

शंकरमामांनी हात जोडले. अण्णांना की आणखी कुणाला, ते मी विचारलं नाही.

आम्ही त्याच संध्याकाळी बारामतीला परतलो. वाटेत अण्णांनी भिगवणला थांबून मासे खाल्ले, दोन भाकरी खाल्ल्या. मिलिंद भाकरी नुसती कुस्करत होता आणि हे आपले रश्श्यात मीठ कमी आहे म्हणून वेटरला बोलत होते.

त्यानंतर सुरू झाली शहाण्यांची रांग. एका डॉक्टर मित्रानं स्मृतिभ्रंशाच्या तपासण्या सांगितल्या. केल्या. सगळ्या नॉर्मल. मिलिंद आता म्हणतो की कुणीतरी होडीनं सोडलं असणार. कुठल्या होडीनं, ते सांग ना बाबा! दोनच होत्या. मिलिंदची बायको म्हणते बेटावरच कुठंतरी तशी माती असेल. मी त्या चपलांवरची धूळ सॅम्पलच्या डबीत खरवडून घेतली आणि लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली धरली. माती होती. राख होती, भुशाचे तुकडे होते. ह्यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही. डबी अजून फ्रीजमध्ये आहे, कुणाला बघायची तर या.

आणि तो कॅम्पवाला! चार दिवसांनी त्याचा मेसेज आला — 'आपला अनुभव कसा वाटला? कृपया रेटिंग द्या.' फोन भिंतीवर मारायचा राहिला एवढंच.

माझ्याकडं स्पष्टीकरण नाही. भूत मी मानत नाही, आजही नाही. पण ठसे बघितलेत, बांबू बुडालेला बघितलाय, कोरडा लेंगा ह्या हातांनी चाचपलाय. ह्यातली एकही गोष्ट मी खोडून टाकू शकत नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

अण्णांना मी बरेच दिवस काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटत होती. परवा रविवारी ते गॅलरीत पेरू कापून खात बसले होते, मूडमध्ये होते. मी शेजारी जाऊन बसले.

"अण्णा, तिथं आळीत माणसं होती का हो?"

"व्हती की. वट्यावर बसली व्हती. समदी वळखीची."

"काही बोलली?"

मला वाटत होतं, निदान आता तरी कुणी 'ये' म्हणालं असेल. इतकी वर्षं पाण्याखाली काढल्यावर तरी कुणाला लाज वाटली असेल, कुणी पाणी विचारलं असेल. माझा राग थोडा तरी उतरेल असं काहीतरी मला ऐकायचं होतं.

अण्णांनी पेरूची फोड मिठाला लावली. "बाकी समदी नुसती बघत व्हती. एकजण बोलला. म्हनला, चपला हातात घे."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मरून, बुडून, गाळात गाडली जाऊनही ह्यांचं तेच!

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"मग काय? न्हाय घेतल्या," अण्णा म्हणाले. "पार येशीपातुर घालून गेलो."