मथुराबाईंनी जोडलेलं नेटवर्क

बुऱ्हाणपूरजवळच्या जसोंडी गावच्या मथुराबाई लग्नं जुळवायच्या. हा त्यांचा धंदा नव्हता, सवय होती. केळीच्या बागेत गड्यांना काम सांगतानाही त्यांच्या डोक्यात अमक्याचा मुलगा आणि तमक्याची मुलगी शेजारी शेजारी उभी असायची. आपण जुळवलेलं एकही लग्न फिसकटलं नाही, हे त्या बसमध्ये बाजूला बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत.

फक्त सख्ख्या भावाची मुलगी राहिली होती. रमेशभाऊंचं बुऱ्हाणपुरात बियाण्यांचं दुकान आणि तिथल्याच लालबाग भागात घर. त्यांची हर्षाली शाळेत गणित शिकवायची आणि आलेल्या प्रत्येक स्थळाला नाही म्हणायची. शेवटी मथुराबाईंनी गजानन शोधून काढला. मूळ मलकापूरकडचे लोक, मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर, आईवडील त्याच्याकडेच राहायला. सगळं जमत आलं आणि गजाननच्या वडिलांचा पाय मोडला. प्रवास बंद. तेव्हा गजाननने निरोप पाठवला, की तूर्तास कॉम्प्युटरवरच एकमेकांना पाहून घेऊ.

कार्यक्रम रविवारी होता. मथुराबाई सकाळच्या पहिल्या बसने आल्या आणि त्यांनी लॅपटॉपचा ताबा घेतला. तो हर्षालीच्या भावाचा, प्रकाशचा. व्हायरस शिरला म्हणून त्याने विंडोज काढून त्यात लिनक्स टाकलं होतं, आणि स्वतः परीक्षेसाठी इंदूरला गेला होता. मथुराबाईंनी लॅपटॉप ओल्या फडक्याने चारी बाजूंनी घासून पुसला, हळदीकुंकू वाहिलं आणि चौरंगावर मांडला.

पोहे झाले. मावा जलेबी आली. हर्षाली साडी नेसून बसली. आणि लॅपटॉप नेटवर्कला काही केल्या जोडला जाईना.

शेजारचे लोटूभाऊ धावून आले. ते निवृत्त वायरमन. घरातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ त्यांना अर्थिंगमध्ये सापडायचं.

"अर्थिंग सुकलंय," ते म्हणाले. "मिठाचं पाणी लागते. मी बादली घेऊन अंगणात उभा राहतो. तुम्ही सांगाल तवा सोडतो."

इकडे मथुराबाईंनी गजाननला फोन लावला. हर्षालीने हात पुढे केला, पण त्यांनी फोन छातीशी धरला.

"पाहणं होईपर्यंत मुलीनं बोलायचं नाई. ते मले सांगतील, मी तुले सांगते." आणि मग फोनमध्ये, गोड आवाजात, "बोला जावईबापू."

"अजून जावई नाही मावशी," गजानन चाचरत म्हणाला. "आधी कमांड द्यायची काळी खिडकी उघडायला सांगा. आता टाइप करा. एल, एस, पी, सी, आणि शेवटी आय."

"आय?" मथुराबाई स्वयंपाकघराकडे वळून ओरडल्या, "ओ वहिनी! जावईबापू तुमाले बोलावून राह्यले!"

हर्षालीची आई कढई तशीच टाकून आली, पदर सावरला आणि काळ्या पडद्यापुढे हात जोडून उभी राहिली.

"मावशी, आय म्हणजे इंग्रजी अक्षर."

"मंग तसं सांगा ना. आता त्या आल्यात, त्यांचं काय करू?"

"त्यांना बसू द्या," गजानन म्हणाला.

हर्षालीने अक्षरं टाइप केली. पडद्यावर भराभर ओळी उमटल्या आणि त्यात नेटवर्क कार्डाचं नाव सापडलं.

"छान. म्हणजे कार्ड आहे, मशीनला ते दिसतंय," गजानन म्हणाला. "फक्त बाहेर कुणाशी बोलत नाहीये."

"आमची पोरगी बी तशीच हाये," मथुराबाईंनी ग्वाही दिली. हर्षालीने कपाळाला हात लावला.

"आता पुढची कमांड. सुडो."

"सोडू?"

"सुडो, मावशी. सुडो!"

मथुराबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "लोटूभाऊ, सोडा म्हणतात!"

लोटूभाऊंनी सोडलं. अर्थिंगचा खड्डा कुठल्या कोपऱ्यात, हे ते उत्साहात विसरले होते. रमेशभाऊंच्या नव्याकोऱ्या चपला मिठाच्या पाण्यातून फाटकापर्यंत गेल्या.

आता मात्र मथुराबाईंचा धीर सुटायला लागला. कार्डापायी स्थळ हातचं जातंय की काय, या काळजीने त्यांनी फोन खाली ठेवून देवाला हात जोडले, आणि तेवढ्यात हर्षालीने तो अलगद उचलून घेतला.

"नमस्कार. हर्षाली बोलतेय. आत्याला बाजूला केलंय. काय टाइप करू?"

"आर एफ किल, आणि पुढे लिस्ट," गजानन म्हणाला.

"आर एफ किल लिस्ट," हर्षाली टाइप करता करता मोठ्याने म्हणाली.

"किल?" मथुराबाई उठून उभ्या राहिल्या. "मतलब मारायचं? अन् तेही यादी करून?"

"आत्या, गप बस. हां, आलं. सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, येस."

"मिळालं!" गजानन आनंदाने ओरडला. "म्हणजे लिनक्सचा काही दोष नाही. वायफायचं खरंखुरं बटण बंद आहे. समोरच्या कडेला बघा, बारीक असेल, सरकवायचं."

हर्षालीने बोट फिरवलं. कुंकवाच्या थराखाली ते बटण होतं. सरकवल्याबरोबर दिवा लागला.

"पण ते बंद केलं कुणी?" रमेशभाऊंनी विचारलं.

"कोण जाणे. मी तर सकाळी सगळ्या कडा चांगल्या दाबून पुसल्या होत्या," मथुराबाई अभिमानाने म्हणाल्या. आणि मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. त्या जलेबीच्या ताटाकडे बघत बसल्या.

हर्षाली हसायला लागली. फोनमध्ये गजाननही हसायला लागला. दिवा लागला होता, काम झालं होतं, तरी फोन काही बंद होईना. तिने त्याला विचारलं, तुम्ही असे रोज किती लोकांच्या घरची बटणं शोधता? त्याने काहीतरी उत्तर दिलं आणि ती बोलत बोलत मागच्या दारी निघून गेली.

तेवढ्यात लॅपटॉप वाजला. मथुराबाईंनी दिसेल ते बटण दाबलं, आणि पडद्यावर गजाननची आई आणि प्लास्टरमधला एक पाय दिसू लागला. नीट दिसावं म्हणून मथुराबाई कॅमेऱ्याला नाक टेकेपर्यंत वाकल्या.

गजाननच्या आईने बराच वेळ निरखून पाहिलं. मग नवऱ्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मुलगी जरा थोराड वाटते हो."

"मी आत्या हाये!" मथुराबाई कडाडल्या. "मुलगी मागच्या दारी तुमच्या पोराशी बोलून राह्यली."

"अगंबाई! तरीच आमचा गॅलरीत गेलाय फोन घेऊन."

मग पाहण्याचा कार्यक्रम मुलाशिवाय आणि मुलीशिवायच पार पडला. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना घर दाखवलं. पाय कसा मोडला ते गजाननच्या वडिलांनी सविस्तर सांगितलं. लोटूभाऊंनी त्यांना पुण्यातल्या अर्थिंगबद्दल विचारलं. पोहे गार झाले तेव्हा हर्षाली आत आली आणि कुणी काही विचारायच्या आतच "मला चालेल" म्हणाली.

लग्न बुऱ्हाणपुरातच झालं. मांडवात गजाननच्या आईने मथुराबाईंना बाजूला घेतलं आणि धाकट्यासाठी एखादी मुलगी आहे का, विचारलं.

"हाये ना. इच्छापूरची. चांगली पोरगी," मथुराबाई म्हणाल्या. "पण या खेपेला तुम्हीच या. बसनं."