पायातले बूट
खाली कुणीतरी पापड भाजतंय आणि मला एका जागी बसवत नाहीये. फाळणीत सिंधमधून सगळं सोडून आलेले एक नवरा-बायको तेव्हा कल्याणला आमच्या चाळीत राहायचे. ती पापड लाटता लाटता मोठ्याने रडायची, म्हणून सगळ्यांनी त्याला सांगितलं, "हिला डॉक्टरला दाखव." सोबतीला मी गेलेले. डॉक्टरांनी विचारलं, "नींद आती है?" ती म्हणाली, "मैं तो रोके सो जाती हूँ. इनसे पूछो, वहाँ से आए तब से जूते पहनके सोते हैं." त्याने पाय बाकाखाली ओढले. "मुझे क्या हुआ है?" म्हणत हसला. गोळ्या मिळाल्या त्या तिलाच. मीही तिलाच हात धरून घरी आणलं. आता हा वास आला, की माझी नजर आधी माझ्या नवऱ्याच्या पायांकडे जाते.